खेळायला सवड कुणाला?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आरमोरी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती, म्हणून रविवारी दुपारी पोचले. धान चुरून झालं होतं. गावाबाहेरच्या पडीक जागेवर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरली होती. मंडप, लाउडस्पीकर, खुर्च्यांवर पाहुणे. पहिलं बक्षीस एका पुढाऱ्याकडून, दुसरं एका ठेकेदाराकडून. आमच्या झाडीपट्टीत हिवाळ्यात नाटकं होतात, मंडई भरते, तशा या स्पर्धाही आता गावोगाव होतात.

पाहुणे बोलायला उभे राहिले. म्हणाले, "काही देशांच्या रक्तातच क्रिकेट असतं. आपल्या देशाच्या रक्तात ते आहे. म्हणून तर आपल्या पोरीसुद्धा वर्ल्ड कप घेऊन आल्या!" टाळ्या पडल्या. मी मैदानाकडे पाहिलं. बावीसच्या बावीस मुलगे. पंच पुरुष, धावा मांडणारा पुरुष, मंडपात बसलेले पुरुष. बायका होत्या, नाही असं नाही. डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन त्या कडेकडेनं जात होत्या.

तेवढ्यात एक चेंडू सीमेपार आला. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं भावाला खाली ठेवलं, चेंडू उचलला आणि फेकला. सरळ, एकही टप्पा न पडता, यष्टिरक्षकाच्या हातात. मुलं ओरडली, "अबे, पाह्य!" ती हसली, भावाला उचलून कडेवर घेतलं आणि घराकडे निघाली.

तिची माय आमच्याच गटातली निघाली. बैठक झाल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "खेळत का नाहीस ग?" ती म्हणाली, "खेळाले गेली तं भात कोण मांडन, ताई?"

पाहुण्यांच्या भाषणाला यापेक्षा नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न एका मुलीपुरता नाही. काही देश ढिगानं मोठे खेळाडू घडवतात आणि काही देशांना एखाददुसराच मिळतो, असं का, हा प्रश्न पुरुष मंडळी चहाच्या टपरीवर तासन्‌तास चघळतात. रक्त, माती, हवामान, जिद्द, "किलर इन्स्टिंक्ट", सगळ्याची चर्चा होते. मुलांना खेळता यावं म्हणून भात कोण मांडतं, याची चर्चा होत नाही. ती आपण करायला हवी.

आधी रक्ताचं बघू. कॅरिबियन समुद्रात बार्बाडोस नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर, लोकसंख्या तीन लाखांच्या आत. आपला गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा आणि 2011 च्या जनगणनेनुसार साडेदहा लाखांहून जास्त लोकांचा. म्हणजे जिल्ह्याच्या पोटात अशी तीसहून अधिक बेटं मावतील. या एवढ्याशा बेटानं गॅरी सोबर्स दिला, माल्कम मार्शल दिला, जोएल गार्नर दिला. फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट हे तिघं तर 1924 ते 1926 या काळात एकमेकांपासून जवळच जन्मले. तिघांना जगात आणणारी सुईण एकच होती, अशी आख्यायिका तिथे सांगतात. ती खरी असो वा नसो, तिघांची नावं जगाला माहीत आहेत, सुईणीचं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही.

हे रक्तामुळे झालं का? बार्बाडोसमध्ये गोऱ्यांचे क्लब वेगळे होते, शिकलेल्या काळ्या मध्यमवर्गाचे वेगळे. ऊसमळ्यात राबणाऱ्या गरीब काळ्या माणसाला कुठेच दार उघडं नव्हतं. 1936 मध्ये तिथे या गरिबांची म्हणून बार्बाडोस क्रिकेट लीग सुरू झाली. गावोगावच्या पोरांना संघ मिळाले, नियमित सामने मिळाले. एव्हर्टन वीक्स त्याच लीगमधून वर आला. 1936 च्या आधी तिथल्या गरिबांच्या अंगात वेगळं रक्त वाहत नव्हतं. तोवर त्यांना फक्त बाहेर ठेवलेलं होतं.

आपल्याकडेही तेच. पळवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नामांकित फिरकी गोलंदाज. जातीनं चांभार. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर मैदानाची कामं करता करता साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकून ते शिकले. 1911 मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्यांनीच सर्वांत जास्त बळी घेतले. पण मायदेशी हिंदूंच्या संघातून खेळताना त्यांना चहा मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळत असे. संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही बऱ्याच झगड्यानंतर. ज्यांना मैदानाच्या आत येऊ दिलं नाही, असे बाळू किती असतील? त्यांची मोजदाद कुठल्याच वहीत नाही.

आता मुंबईचं बघू, कारण "मुंबईच्या मातीत क्रिकेट आहे" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रणजी करंडक 42 वेळा जिंकलेली मुंबई! पण मुंबईच्या मातीत आहे तरी काय? आझाद मैदान आहे, क्रॉस मैदान आहे, ओव्हल आहे, शिवाजी पार्क आहे. शाळांसाठी हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड या शंभरहून अधिक वर्षं जुन्या स्पर्धा आहेत. 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग आहे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला शाळेतून थेट वरपर्यंत नेणारा जिना आहे, आणि त्याच्या पायऱ्या लोकांनी शंभर वर्षं खपून बांधल्या आहेत.

आणि घरं आहेत. सचिन तेंडुलकरनं प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सांगण्यावरून शाळा बदलली आणि शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंच्या घरी तो राहायला गेला, हे सर्वांना माहीत आहे. 1988 मध्ये शालेय सामन्यात त्यानं आणि विनोद कांबळीनं केलेली 664 धावांची भागी तर पाठच असते. पण सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या मुलाचे मातीनं माखलेले कपडे रोज धुतले जातात, वेळेवर ताट वाढलं जातं, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभा राहू शकतो. हे काम धावफलकावर दिसत नाही.

सुनील गावसकरांनी "सनी डेज" या आत्मचरित्रात स्वतःच्या जन्माची एक गोष्ट सांगितली आहे. 1949 च्या जुलैमध्ये त्यांचा जन्म झाला. बाळाला पाहायला आलेल्या नात्यातल्या एका काकांना त्याच्या कानाजवळ एक बारीक छिद्र दिसलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तर पाळण्यातल्या बाळाच्या कानाजवळ ते छिद्र नाही! शोधाशोध झाली. अदलाबदल झालेलं बाळ एका कोळिणीच्या कुशीत सापडलं. काकांचं लक्ष गेलं नसतं, तर आपण मासे धरत राहिलो असतो, असं गावसकर गमतीनं लिहितात.

लोक ही गोष्ट वाचून हसतात. मला ती गमतीची वाटत नाही. रक्त तेच, मनगट तेच, नजर तीच. फक्त घर बदललं असतं. पाठीशी कसोटी खेळलेले मामा माधव मंत्री नसते. गॅलरीत टेनिसचा चेंडू टाकणारी आई नसती. (त्या आईच्या नाकावर एकदा चेंडू बसून रक्त आलं, तरी तोंड धुऊन ती पुन्हा गोलंदाजीला उभी राहिली!) म्हणजे "जन्मजात" म्हणतात ते पुष्कळसं जन्मानंतरच्या चोवीस तासांत, पाळणा कुणाच्या घरी जातो यावर ठरतं.

आणि मैत्रिणींनो, बाळ योग्य घरी गेलं, पण मुलगी असली तर? त्याच गावसकरांच्या घरातल्या नूतन गावसकर यांनी भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या मानद सचिव म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. त्या काळी आपल्या खेळाडू आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करायच्या, वसतिगृहात जमिनीवर झोपायच्या, एकमेकींच्या बॅटी वापरायच्या. भाऊ लोकांच्या खांद्यावर आणि बहीण पैशासाठी दारोदार. रक्त तर एकच होतं ना?

बायकांच्या क्रिकेटचा इतिहास आपल्यालाच सांगितला जात नाही, म्हणून थोडक्यात सांगते. क्रिकेटचा पहिला विश्वचषक पुरुषांचा नव्हे, बायकांचा. तो 1973 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांचा 1975 मध्ये. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातलं पहिलं द्विशतकही बाईचंच. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं 16 डिसेंबर 1997 रोजी डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 धावा केल्या, त्याही आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या मैदानावर! 2010 मध्ये ग्वाल्हेरला सचिननं द्विशतक केलं तेव्हा "जगातलं पहिलं" म्हणून देश नाचला. बारा वर्षांपूर्वी आपल्याच शहरात जे घडलं होतं, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

भारताच्या पुरुषांनी पहिली कसोटी 1932 मध्ये खेळली. बायकांनी 1976 मध्ये. चव्वेचाळीस वर्षांचं अंतर. नियामक मंडळ 1928 पासूनचं, पण बायकांचं क्रिकेट त्यानं आपल्या छत्राखाली घेतलं 2006 मध्ये. तोवर रेल्वेनं खेळाडू मुलींना नोकऱ्या दिल्या म्हणून पुष्कळजणी तगल्या. ऑस्ट्रेलियाच्या बायकांनी विश्वचषक सात वेळा जिंकला, तेव्हा आपल्याकडचे समीक्षक म्हणत, त्यांच्या मुली दणकट असतात. दणकटपणा आभाळातून पडतो का? तिथे मुलीला खेळायला मैदान होतं, क्लब होता. पुढे पगारी करार आले, 2015-16 पासून बायकांची स्वतःची लीग आली. जो देश आपल्या निम्म्या लेकरांना मैदानाबाहेर ठेवतो, तो उरलेल्या निम्म्यांतून किती मोठे खेळाडू काढणार? आणि त्या उरलेल्या निम्म्यांतही जात, पैसा आणि शहर यांची चाळणी लागतेच.

आता म्हणाल, पण आपल्या मुलींनी जिंकलं की! हो, जिंकलं. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं, तेव्हा मीही रडले. उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या, त्या रात्री झोप आली नाही. पण त्या विजयाचा वापर आता आपल्याच तोंडावर फेकण्यासाठी होतोय. "बघा, पोरी पोचल्या. आता कसली तक्रार?" म्हणून त्या कशा पोचल्या हेही नीट पाहू.

सांगलीची स्मृती मानधना. वडील आणि भाऊ क्रिकेट खेळलेले. भावाचा सराव पाहत ती शिकली, वडिलांनी तिच्या क्रिकेटची व्यवस्था पाहिली, आईनं खाण्यापिण्याची, आणि भावानं तिला गोलंदाजी टाकली. जेमिमाचे वडील स्वतः प्रशिक्षक. मुलीच्या खेळासाठी सगळं कुटुंब भांडुपहून वांद्र्याला राहायला गेलं. रोहतकच्या शफाली वर्माला मुलगी म्हणून कुणी शिकवायला घेईना, म्हणून वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापले. अंतिम सामन्यात 87 धावा काढणाऱ्या मुलीला खेळायला मिळावं म्हणून आधी मुलगा व्हावं लागलं! या घरांचं मला मनापासून कौतुक आहे. पण जे मुलाला न मागता मिळतं, ते मुलीला देण्यासाठी अख्ख्या घराला उलटं पोहावं लागलं. असं पोहणारं घर लाखात एखादं. बाकीच्या घरांतल्या मुलींचं काय?

2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून 4,669.99 कोटी रुपयांना विकले गेले. 2022 मध्ये भारतीय संघातल्या बायकांना पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन जाहीर झालं. ही चळवळीची मागणी होती, मिळाली, चांगलं झालं. पण हा पैसा जिन्याच्या वरच्या टोकाला आहे. खालच्या पायऱ्या आमच्या भागात बांधलेल्याच नाहीत.

विदर्भाचं उदाहरण जवळचं आहे. विदर्भाचा पुरुष संघ 1957-58 पासून रणजी खेळतो. साठ वर्षं त्याला कुणी मोजत नव्हतं. मग नागपुरात अकादमी उभी राहिली, मैदानं सुधारली, जिल्ह्यांतून मुलं निवडली जाऊ लागली. 2011 मध्ये खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला. 2017-18 मध्ये विदर्भानं रणजी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा आणि 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा. साठ वर्षांत वैदर्भीयांचं रक्त बदललं नाही, सोयी बदलल्या. मुलींमध्येही नागपूरची मोना मेश्राम 2017 च्या विश्वचषकाच्या संघात होती, अमरावतीची भारती फुलमाळी 2019 मध्ये भारताकडून खेळली. पण ही सोय नागपूर-अमरावतीत थांबते. तिथून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत आरमोरीला पोचेपर्यंत ती संपलेली असते. आणि आरमोरीहून आत जंगलात जाल, तसा तर प्रश्नच मिटतो.

मग आमच्या मुलींमध्ये ताकद नाही का? 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आदिवासी विकास विभागानं मुलं निवडली, प्रशिक्षण दिलं, खाऊ घातलं, साहित्य दिलं आणि महिनोन्‌महिने दुसरं कुठलंही काम सांगितलं नाही. त्याच आश्रमशाळा, तीच मुलं. ज्यांच्याबद्दल "यांना शिकण्यात रस नाही" असं सर्रास बोललं जातं, ती जगाच्या माथ्यावर जाऊन आली! दिलं, तर मुलं पोचली. मग बाकीच्यांना का देत नाही, हा प्रश्न मात्र सत्कार समारंभात कुणी विचारला नाही.

आता त्या चेंडू फेकणाऱ्या मुलीच्या दिवसाकडे येऊ. पहाटे उठून झाडलोट, सडा, बोरिंगवरून पाणी. धाकट्याला आंघोळ घालून शाळा. शाळेतून आल्यावर भांडी, सरपण, भावाला सांभाळणं, भात मांडणं. रोवण्याच्या दिवसांत मायबरोबर बांधीत. मोहाच्या दिवसांत पहाटेच मोह वेचायला. तेंदूच्या हंगामात पुडे बांधायला. तिचा थोरला भाऊ त्या रविवारी संघात होता. तो वाईट मुलगा नाही. त्याची दुपार फक्त मोकळी आहे, आणि ती मोकळी राहते कारण बहिणीची भरलेली आहे.

हे एका घराचं चित्र नाही. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीत आढळलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला 289 मिनिटं त्यात जातात. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, त्यांची 88. फरक 201 मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं. ट्वेंटी-ट्वेंटीच्या एका सामन्याला साधारण एवढाच वेळ लागतो. या देशातली बाई रोज एक सामना पुरुषाच्या नावे सोडून देते.

आणि वेळ मिळाला तरी शरीर? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54.2 टक्के बायका रक्तक्षयाच्या आहेत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी याच गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता. बायांनी तो अंगावर काढला होता, कारण शरीर कामासाठी असतं, हेच त्यांना शिकवलेलं. पाहुणे रक्ताबद्दल बोलत होते ना? मग आमच्या मुलींच्या रक्तात खरोखर काय कमी आहे, ते आधी तपासा.

आपल्या चळवळीतूनही यावर एक आक्षेप येतो. एका शिबिरात मी हा विषय काढला, तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, इथे दारू आहे, मारहाण आहे, वनहक्काचे दावे पडून आहेत. तुला खेळ कुठून सुचतो?" त्यांचा रोष मला कळतो. 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे, ती बायांनी रस्त्यावर उतरून मिळवली, आणि आजही चोरटी दारू पकडायला बायांनाच रात्री काठ्या घेऊन फिरावं लागतं. पण मला विचारायचंय, खेळ हा पोट भरल्यावरचा चोचला आहे, हे आपल्याला कुणी शिकवलं? मुलग्यांना कुणी म्हटलं का, आधी गावाचे प्रश्न सोडवा मग खेळा? गरिबातल्या गरीब घरातला मुलगाही खेळतो. त्याचा खेळ कधी "प्रश्न" झाला नाही, कारण तो त्याचा हक्क धरलेला आहे.

चूक माझीही आहे. सात-आठ वर्षं मी किशोरींचे गट चालवते. आमच्या वेळापत्रकात आहार होता, पाळीची माहिती होती, बालविवाहाचा कायदा होता, लोहाच्या गोळ्या होत्या. खेळ नव्हता. मुलींनी कसं वाचावं, कसं सांभाळून राहावं, हेच आम्ही शिकवत राहिलो. धावावं, ओरडावं, हरावं, चिडावं, पुन्हा उभं राहावं, हे कधी शिकवलंच नाही. त्या मुलीची फेक पाहिली नसती, तर अजूनही लक्षात आलं नसतं. हात उंच करून जोरात फेकणारी मुलगी उद्या कुणी दंड धरला तर तो झटकू शकेल, हे साधं गणित मला शिबिरांच्या फाइलींत सापडलं नव्हतं.

आणि हे सगळं मोठे खेळाडू घडवण्यासाठीच नाही. आमच्या गावातून एकही स्मृती निघाली नाही तरी चालेल. खेळताना मुलीला स्वतःचं शरीर स्वतःचं वाटतं, तेवढंही पुष्कळ आहे. पण ज्यांना मोठे खेळाडूच हवे आहेत, त्यांनाही रस्ता हाच आहे. शंभर मुली खेळल्याशिवाय एक मोठी होत नाही, आणि बाकीच्या नव्व्याण्णवांचं खेळणं वाया जात नाही. बार्बाडोसनं तेच केलं, मुंबईनं तेच केलं. फक्त मुलांसाठी.

म्हणून काही मागण्या. गावाबाहेरची मोकळी जागा ग्रामसभेच्या ठरावानं खेळासाठी राखावी आणि आठवड्यातले निम्मे दिवस ती मुलींची असावी. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत मुलींसाठी क्रीडा शिक्षिका असावी, आणि संध्याकाळचा खेळाचा तास स्वयंपाकघरातल्या मदतीसाठी कापला जाऊ नये. गावात स्पर्धा भरवायची असेल, तर मुलींचे सामने झालेच पाहिजेत आणि बक्षीस तेवढंच पाहिजे. क्रिकेटच पाहिजे असंही नाही, कबड्डी चालेल, खो-खो चालेल. आणि सर्वांत अवघड मागणी घरातली. दुपारी चार ते पाच मुलीला कुणी काम सांगायचं नाही. भात मुलानं मांडावा. बापानं मांडला तरी शिजतो!

शेवटची मागणी आपल्याच गटांना आहे. माय म्हणून, सासू म्हणून, आजी म्हणून मुलीची दुपार आपणच भरतो. कारण आपली भरलेली होती. हे ओझं पुढे सरकवणं थांबवायचं असेल, तर सुरुवात बैठकीच्या वहीत एक ओळ लिहून करता येईल.

आम्ही ती लिहिली. त्या गावात आता बुधवारी आणि रविवारी मुली खेळतात. पहिल्या दिवशी सात आल्या, त्यांतल्या तिघींच्या कडेवर भावंडं होती. मग गटातल्या बायांनी पाळी लावून पोरं सांभाळायला सुरुवात केली. दोघींना घरून मार बसला, त्यासाठी आम्ही दोनदा त्या घरी जाऊन बसलो. एकीचं येणं बंद झालं आहे, ते अजून सुटलेलं नाही. चेंडू फेकणारी येते. भात अजून तीच मांडते, पण परत गेल्यावर.

येत्या हिवाळ्यात स्पर्धा पुन्हा भरेल, तेव्हा आयोजकांकडे मुलींच्या संघाची नोंदणी करायला आम्ही पंधराजणी जाणार आहोत. ते काय म्हणतात, ते कळवीनच. तुमच्या गावात मैदान कुणाच्या ताब्यात आहे, आणि मुलीची दुपार कुणाच्या, हे तुमच्या गटात विचारा. उत्तरं या अंकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा.